ऑर्डर अकरा महिन्यांची

परवा फॅमिली ग्रुपवर दादाने परत तेच लिहिलं, सरकारी आरोग्य केंद्रं बंद करा, पाच लाखांचं आयुष्मान कार्ड आहे ना, खासगीत जा. खाली दहा अंगठे. मी इथे ब्रिटनमध्ये नर्स आहे, नाईट करून आले होते, झोपच उडाली.

अरे दादा, कार्ड चालतं अ‍ॅडमिट झाल्यावर. बीपीची रोजची गोळी कोण देणार? ती वेळेवर मिळाली तर कित्येकांवर अ‍ॅडमिट व्हायची वेळच येणार नाही.

इथे मी तीन घरं आणि दोन जीपी (म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर) बदलले, पण माझं रेकॉर्ड माझ्या मागोमाग आलं, स्मिअरचं, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचं, बोलावणं तर न विचारता येतं. समोर डॉक्टर कोण बसलाय त्यावर ते अडत नाही. (वेटिंग लिस्टचं मला सांगू नका, मी रोज बघते.)

आणि आपल्याला हे सुचलं नव्हतं असंही नाही. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये हे ब्रिटिश सरकारने भारतातल्या आरोग्य व्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्येच लिहिलं होतं, एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्य सेवा, सुरू झाली १९४८ ला. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीचं वेगळं महामंडळ काढलं आणि ते नीट चालवलं. आपण २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात माणसं घेतली, पण बरीचशी कंत्राटावर, २०२३ मध्ये महाराष्ट्रात तीच समायोजनासाठी, म्हणजे आम्हाला कायम करा म्हणून, संपावर बसली. अशी एक सिस्टर सोडून गेली की कुठल्या वस्तीत कुठली बाई जोखमीची आहे हे सगळं तिच्याबरोबर जातं, रजिस्टरमध्ये फक्त आकडे उरतात.

एवढं लिहिलं तर दादाचा रिप्लाय, "तू तर निघून गेलीस."

खरंय. सरकारी कॉलेजात नाममात्र फीमध्ये शिकले आणि ते सगळं आता इथल्या वॉर्डात वापरते, केरळच्या आणि फिलिपिन्सच्या मुलींसोबत. इथली व्यवस्था आमच्यासारख्यांवर पण उभी आहे हे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही. तिकडे अकरा महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर दोन वर्षं काढली, पर्मनंट जागा निघाली असती तर राहिले असते असं सगळ्यांना सांगते. राहिले असते का, माझं मलाच कळत नाही.

आईची बीपीची गोळी दर महिन्याला दादाच आणतो, त्याच केंद्रातून. तिथे नसली की स्वतःच्या पैशाने बाहेरून घेतो आणि मला कळवतही नाही, आईच सांगते फोनवर. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.