बंड्याचे सर

कॉलेजात मला नावानं कुणी ओळखत नाही. मी 'बंड्याचे सर'. मध्यंतरी एक माजी विद्यार्थी कडेवर पोर घेऊन भेटायला आला. मी गहिवरायच्या बेतात, तर हा माझ्या पायांमागे वाकून बघतोय. "सर, बंड्या कुठाय?"

बंड्या माझा कुत्रा. म्हणजे लसीच्या कार्डावर आणि डॉक्टरांच्या बिलावर नाव माझं, बाकी तो सार्वजनिक. सकाळी गेटातून आत शिरला की साहेब दौऱ्यावर. आधी लायब्ररी, मग कँटीन.

संध्याकाळी त्याला घरी नेणं हे खरं दिव्य. दर चार पावलांवर कुणीतरी "अले अले, कोण आलंय!" करत खाली बसतं. हा तत्काळ उताणा. पोट खाजवून होईस्तोवर मी पट्टा धरून मंत्र्याच्या बॉडीगार्डसारखा उभा. माझ्याशी बोलायचं कुणाच्या मनातही येत नाही.

त्यात डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. म्हणून गळ्यात पाटी अडकवली, 'मी जेवलोय. खायला देऊ नका.' पोरं पाटी मोठ्यानं वाचतात, "अरेरे, बिचारा!" म्हणतात आणि बिस्किटाचा पुडा फोडतात. चॉकलेट दिसलं की मात्र माझा आवाज चढतो. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीराला लवकर पचवता येत नाही, विषबाधा होते. एवढं मन लावून पोरांनी माझं दुसरं कुठलं व्याख्यान ऐकल्याचं स्मरत नाही.

सहकारी हाचिकोचा दाखला देतात. तोही प्राध्यापकाचाच कुत्रा. १९२५ साली उएनो सर गेले, तरी हा १९३५ साली मरेपर्यंत टोकियोच्या शिबुया स्टेशनावर त्यांची वाट बघत राहिला. आमच्याकडे वाट मी बघतो. गेटपाशी, डबा आणि छत्री सांभाळत.

अर्थात गोचीड काढून घ्यायला त्याला मीच लागतो. दुसऱ्या कुणी कानाला हात लावला की गुरगुरतो. माझ्या मांडीवर मान टाकून कान स्वतःच पुढे करतो. आणि मीटिंग लांबली की दाराच्या फटीतून एक ओलं काळं नाक आत येतं, जोरात फुस्स करतं, आणि प्राचार्य मुकाट्यानं आभारप्रदर्शन उरकतात. स्टाफमध्ये मला जो काही मान आहे तो या फुस्समुळे.

टोकियो विद्यापीठात २०१५ साली उएनो-हाचिकोच्या भेटीचा पुतळा बसवलाय. हाचिको मालकाच्या अंगावर आनंदानं झेपावतोय. आमचा पुतळा झालाच, तर कुत्र्याचं तोंड कँटीनकडे असेल, मागे पट्ट्याला लोंबकळणारा मी, आणि खाली कोरलेलं: 'बंड्या व इतर'.