बस नंबर ९२५ आणि सीवूड्सचं तळं

नवी मुंबईतल्या पाणथळींवरून वाद पेटला की दोन्ही बाजू एकाच शहराचं नाव घेतात. एक म्हणते, सिंगापूरसारखे टॉवर हवेत. दुसरी म्हणते, सिंगापूरसारखा निसर्ग जपा. सिंगापूरमध्ये राहून हा वाद वाचताना जाणवतं की या शहराकडून घेण्यासारखी सगळ्यात स्वस्त गोष्ट दोघांच्याही बोलण्यात येत नाही. ती म्हणजे खारफुटीच्या दारात थांबणारी बस.

सिंगापूरच्या वायव्य टोकाला जोहोरच्या सामुद्रधुनीला लागून सुंगेई बुलोह ही पाणथळ आहे. उत्तर-दक्षिण मार्गावरच्या मेट्रोने क्रांजी स्टेशनला उतरायचं, बाहेरच्या थांब्यावरून ९२५ नंबरची बस धरायची आणि क्रांजी जलाशयाच्या वाहनतळाशी उतरायचं. रस्ता ओलांडला की दार. तिकीट नाही, रोज सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत खुलं. मेट्रोतून उतरल्यावर पाऊण तासाच्या आत बस पकडली तर भाडं एकाच प्रवासाचं धरलं जातं. बसमधून उतरताना कार्ड पुन्हा टेकवायला विसरलात तर मात्र पूर्ण मार्गाचं भाडं कापलं जातं. परतीच्या थांब्यावर बस दिसली की हात दाखवावा लागतो, नाहीतर ती थांबेलच असं नाही. नवख्यांची बस इथेच चुकते. या भागात पुढची बस शहरातल्यासारखी लगेच मागे नसते, म्हणून निघण्याआधी थांब्याची वेळ फोनवर बघून घ्यावी.

आत गेल्यावर कडेकडेने जाणारी किनारवाट साधारण १.३ किलोमीटरची आहे. पुढे मुख्य पूल, आणि पुलापलीकडे जुन्या कोळंबी तळ्यांच्या बांधांवरून फिरणारी स्थलांतरित पक्ष्यांची वाट, जवळपास दोन किलोमीटर. खारफुटीतला अर्ध्या किलोमीटरचा लाकडी मार्ग वेगळा. सगळं धरून जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर होतात. चढ नाही, पण दमट उकाडा असा की माणशी दीड लिटर पाणी कमीच पडतं. साडेसातला दारात हजर असावं, अकराच्या आत परत फिरावं. नोव्हेंबर ते जानेवारीत दुपारी विजांसह पाऊस कोसळतो आणि बांधावर आडोसा फक्त पक्षीनिरीक्षणाच्या खोपींचा.

पण इथे येणारे बहुतेक जण चुकतात ते भरतीच्या वेळेत. आपल्याकडे पाणथळींवर लिहिणारे आणि निर्णय घेणारेही नेमके इथेच चुकतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगायला हवं. सप्टेंबर ते मार्चमध्ये सोनचिखल्या, टिलवे, तुतवार सायबेरियाकडून इथे उतरतात. ते ओहोटीला उघड्या चिखलात चरतात. सुंगेई बुलोहच्या पूर्वेला मंडाईचा चिखलपट्टा आहे, तिथे त्यांचं ताट वाढलेलं असतं. भरतीला तो चिखल बुडाला की बसायला जागा उरत नाही. मग ते उडून बुलोहच्या उथळ तळ्यांत येतात आणि पाणी उतरेपर्यंत एका पायावर डोकं खुपसून विसावतात. म्हणून ओहोटीला तळ्यांपाशी गेलात तर ती रिकामी दिसतात आणि माणूस "इथे काही नाही" म्हणत परततो. पक्षी बघायचे तर अडीच मीटरच्या वरची भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला असेल असा दिवस निवडावा. निवट्या, एका नांगीने खुणावणारे खेकडे, पाणमांजरं आणि मगर बघायची तर उलट, ओहोटीला पुलावर उभं राहावं. मगर खरी आणि मोठी असते. वाट सोडून पाण्याच्या कडेला उतरू नये. माकडांसमोर प्लास्टिकची पिशवी हातात धरू नये, ती त्यांना खाऊची वाटते.

ही तळी नैसर्गिक नाहीत. बांधात बसवलेल्या झडपांनी भरतीचं पाणी आत घ्यायचं, हवं तेवढं ठेवायचं, बाकीचं ओहोटीबरोबर सोडायचं. गोव्यातल्या खाजनांची, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतांची मानस ही झडप हेच काम शतकानुशतकं करते. झडप गाळाने अडकली की तळं एकतर कोरडं पडतं किंवा इतकं भरतं की आखूड पायांच्या पक्ष्यांना उभं राहता येत नाही. देखभाल करायची म्हणजे मुख्यतः ही झडप चालू ठेवायची.

आता हेच चित्र ठाणे खाडीवर ठेवून बघा. शिवडी, ऐरोली, भांडूपचा चिखल हे मंडाई. सीवूड्सचं डीपीएस शाळेमागचं ३० एकरांचं तळं आणि एनआरआय-चाणक्य परिसरातल्या पाणथळी हे बुलोह. भरती आली की फ्लेमिंगो खाडीतून उठून याच तळ्यांवर येतात. खाडीतल्या अभयारण्याला २०१५ मध्ये आणि रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीच्या दर्जाला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, सगळ्यांना आनंद झाला. पण विसाव्याची तळी त्या रेषेच्या बाहेर राहिली. नकाशावर ती मोकळी जागा दिसते, म्हणून तिथे घरं आणि गोल्फचं मैदान आखलं जातं आणि वाद वर्षानुवर्षं कोर्टात राहतो. ताट राखीव आणि पाट मात्र लिलावात, असा हा कारभार आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तळ्याच्या परिसरात फ्लेमिंगो मेले, तेव्हा भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बुजल्याची तक्रार होती. त्यानंतर मार्ग मोकळे करण्याची मागणी झाली, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याला संवर्धन राखीवचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. हे चांगलंच झालं. पण कागदावरचा दर्जा पाण्याच्या मार्गातला गाळ उपसत नाही. गाळ साचला हे आठवड्याला तिथून चालणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी कळतं.

सुंगेई बुलोह वाचलं ते अशाच माणसांमुळे. १९८६ मध्ये मलायन नेचर सोसायटीच्या सिंगापूर शाखेतल्या पक्षीनिरीक्षकांनी या सोडून दिलेल्या कोळंबी तळ्यांचं मोल ओळखलं आणि सरकारकडे प्रस्ताव दिला. १९८९ मध्ये तो मान्य झाला, १९९३ मध्ये उद्यान खुलं झालं, २००२ मध्ये त्याला राखीव क्षेत्राचं कायदेशीर संरक्षण मिळालं. म्हणजे लोक आधी आत आले, कुंपण नंतर लागलं. आपल्याकडे क्रम उलटा ठेवण्याचा आग्रह असतो, आणि तो धरणारे लोक प्रामाणिक आहेत. त्यांची भीती खरी आहे: बस आली की गर्दी येते, गर्दीबरोबर वेफर्सची पाकिटं, ड्रोन, आणि थवा उडवून व्हिडिओ काढणारे. सिंगापूरमध्येही हे घडतं. त्यावरचा उपाय गर्दीला बंदी हा नाही. वाट ठरलेली हवी, तळ्याकडच्या बाजूला माणसाच्या उंचीचा आडोसा हवा आणि त्यात बघायला फटी हव्यात. माणसाची आकृती दिसली नाही तर पक्षी उठत नाहीत. भरतीच्या विसाव्यात दर वेळी उठावं लागलं तर परतीच्या उड्डाणासाठी साठवलेली चरबी वाया जाते. म्हणून आडोसा आधी, बस नंतर, एवढा क्रम मला मान्य आहे.

सिंगापूरला देव्हाऱ्यात बसवायचं कारण मात्र नाही. या बेटाने आपली बहुतेक सगळी मूळ खारफुटी भराव आणि जलाशयांखाली घालवली आहे. २०२१ मध्ये क्रांजीजवळची काही वनराई पर्यावरण अभ्यास पुरा होण्याआधीच तोडल्याचं उघड झालं. उरलेल्या तुकड्याला जपणं हे मोठ्या नुकसानीनंतर सुचलेलं शहाणपण आहे. मुंबईकडे अजून त्याहून कितीतरी जास्त खारफुटी आहे, आणि २०१८ चा उच्च न्यायालयाचा निकालही तिच्या बाजूने आहे. म्हणून नक्कल करायची तर टॉवरची नको आणि कुंपणाचीही नको. आपल्या खाडीत कोळी बांधवांची जाळी आहेत, होड्या आहेत, हक्क आहेत. त्यांना बाहेर काढून केलेलं उद्यान अन्यायाचं होईल, आणि खाडी सगळ्यात जास्त ओळखणारी माणसं गमावून बसेल. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका खारफुटीची सफर घडवतात. त्या धाग्यावर विचार व्हावा.

लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. नोव्हेंबर ते मे, शनिवार-रविवार सकाळी सीवूड्स स्टेशनवरून तळ्यापर्यंत एनएमएमटीची, म्हणजे नवी मुंबई पालिकेची एक बस. थांब्यावर त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक. तळ्याच्या कडेला दोन आडोसे. पाणी येण्याच्या मार्गावर खुणांची एक पट्टी, म्हणजे पातळी उतरली तर चालणारा कुणीही फोटो काढून पाठवू शकेल. यातली एकही गोष्ट एखाद्या चौकातल्या फ्लेमिंगोच्या पुतळ्याइतकी महाग नाही.

तोवर ज्यांना जायचंय त्यांनी पंचांग उघडावं. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वादशीला नऊ, चतुर्दशीला साडेदहा. प्रत्यक्षात वेळ अर्धा-पाऊण तास पुढे सरकू शकते, म्हणून अधिकृत तक्त्याशी ताडून घ्यावं. द्वादशी ते चतुर्दशीची सकाळ सीवूड्सच्या तळ्यासाठी चांगली: हार्बर मार्गाने सीवूड्स-दारावेला उतरून चालत किंवा रिक्षाने जावं आणि भरतीच्या अर्धा तास आधी पोचावं, म्हणजे खाडीवरून येणारे थवे उतरताना दिसतात. तृतीया-चतुर्थीची सकाळ शिवडीसाठी. त्या दिवशी आठ-नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी असते आणि पक्षी पाण्यामागे दूर सरकलेले असतात. घाई करू नये. दहाच्या पुढे पाणी चढू लागतं, तसतसे ते चरत चरत धक्क्याजवळ येतात. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राची बोटही भरतीवरच चालते, म्हणून तिथे आधी वेळ विचारून मगच ट्रान्स-हार्बरची लोकल धरावी.