टर्बोच्या कागदावर सही कोणाची?

गेल्या पंधरवड्यात कारंजा लाडहून माझ्या भाच्याचा फोन आला. त्याचे कृषी सेवा केंद्र आहे आणि महिन्यातून तीन-चारदा त्याला समृद्धी महामार्गाने नागपूरला जावे लागते. त्याची २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट गावातल्या रस्त्यांवर आजही उत्तम चालते. मात्र पाच माणसे बसलेली, डिकी भरलेली आणि एसी चालू असला की महामार्गावर ती ओढत नाही, अशी त्याची तक्रार आहे. ‘मामाजी, मले सांगा, कंपनीचा टर्बो असलेली नवी गाडी घेऊ का हिच्यातच बाहेरून टर्बो बसवून घेऊ? दोन लाखांत काम होते म्हणतात,’ असे त्याने विचारले. त्याच्या दुकानापुढच्या बाकावर यावरून दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की कंपनी तेच लोखंड दुप्पट पैशांत विकते. दुसरा तट म्हणतो की कंपनीचे ते कंपनीचे, त्याला तोड नाही.

मी गेली अकरा वर्षे जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो आणि इंजिनांच्या चाचणी विभागात काम करतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाच्या जवळचा आहे. तरीही या वादाचे उत्तर मला केवळ कारखान्यातल्या अनुभवावरून देता येणार नाही, कारण कारंज्याचा मे महिना आणि येथील मे महिना यांत फार अंतर आहे.

टर्बोचे तत्त्व जुने आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्येच त्याचे पेटंट घेतले होते. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची आणि हवा जास्त गेली म्हणून पेट्रोलही जास्त जाळायचे, एवढेच ते तत्त्व आहे. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत, आणि पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाला हजार अंशांच्या आसपासचे वायू आदळत असतात.

हवा दाबली की ती तापते, आणि आपल्या भागासाठी खरी मेख येथेच आहे. येथील दहा अंशांची हवा अर्धा बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे निम्मा) जास्त दाबाने भरली, तर लहान टर्बोतून ती साठ अंशांच्या आसपास बाहेर पडते. कारंज्याच्या मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांची हवा तेवढ्याच दाबाने भरली, तर ती शंभर अंशांपर्यंत जाते. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये बसवलेला इंटरकूलर ती पुन्हा थंड करतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड तो कधीच करू शकत नाही. इतकी तापलेली हवा सिलिंडरमध्ये आणखी दाबली गेली की ठिणगी पडण्याआधीच किंवा पडल्यावर भलत्याच कोपऱ्यात पेट्रोल पेटते, इंजिन ठोकते आणि ते ठोकणे थांबले नाही तर पिस्टनला भोक पडते. म्हणून टर्बो इंजिनाचे मूळ कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, कमी ठेवावे लागते. भाच्याच्या स्विफ्टमधील १.२ लिटर इंजिनाचे कॉम्प्रेशन ११ ला १ आहे, तर त्याच मारुतीच्या १ लिटर बूस्टरजेट टर्बो इंजिनाचे १० ला १ आहे. बाहेरचा मेस्तरी टर्बो बसवतो तेव्हा तो पिस्टन बदलत नाही. अकराच्या इंजिनावरच तो जास्तीची हवा लादतो आणि पुढचे सगळे कॉम्प्युटरच्या सेटिंगवर सोडतो. ती सेटिंग पुष्कळदा अशा देशांतून आलेली असते, जेथे पंपावरचे साधे पेट्रोलच ९५ ऑक्टेनचे असते; ऑक्टेन जितका जास्त, तितके पेट्रोल न ठोकता दाब सोसते. २०१९ ची गाडी मात्र ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलच्या हिशेबाने घडवलेली आहे. आता पंपावर येणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणामुळे ऑक्टेन वाढला आहे, हे खरे. परंतु त्या मिश्रणासाठी त्या गाडीचे रबराचे भाग आणि इंधनव्यवस्था मुळात तयार केलेली नव्हती, हेही तितकेच खरे.

याउलट बूस्टरजेट बसवलेली मारुतीची फ्रॉन्क्स १०० पीएस (अश्वशक्ती) शक्ती आणि सुमारे १४८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, देते, तोही मिनिटाला दोन हजार फेऱ्यांपासून. स्विफ्टचा ११३ न्यूटन-मीटर टॉर्क पुरता मिळण्यासाठी इंजिन ४२०० फेऱ्यांपर्यंत न्यावे लागते. भाच्याची तक्रार नेमकी या फरकाची आहे. त्याला वेग नको आहे, ओढ हवी आहे. आपल्याकडे असे लहान टर्बो आले, त्यामागे करांची रचना आहे. चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीच्या आतील पेट्रोल गाडीवर कर कमी लागतो, म्हणून मोठ्या इंजिनाऐवजी लहान इंजिनावर टर्बो चढवणे कंपन्यांना परवडते. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आणली, टाटांनी २०१७ मध्ये नेक्सॉन आणली, आणि ह्युंदाईही पुढे याच वाटेने गेली.

कंपनीचा टर्बो म्हटला की तो निर्दोषच, असे मात्र मी म्हणणार नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर ही कारखान्यातूनच टर्बो लावलेली गाडी आली. तिचे कॉम्प्रेशन फार जास्त ठेवले होते आणि ठोकणे रोखण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडले जाई. मालक ती टाकी भरायला विसरत. अखेरीस पुष्कळ गाड्यांवरचे टर्बो कंपनीच्याच विक्रेत्यांनी काढून टाकले. गाडी कोणाच्या हाती आणि कोणत्या सवयींच्या माणसाकडे जाणार आहे, हे विसरल्यामुळे जेटफायर फसली. आपल्या खेड्यांत तेल बदलण्याची तारीख पिकाच्या पैशांवर ठरते, पांदण रस्त्याची धूळ एअर फिल्टरमध्ये बसते आणि महामार्गावरून उतरून घरापुढे येताच गाडी लगेच बंद केली जाते. अशा सवयींत कंपनीचा टर्बोही लवकर जातो. गरम टर्बोतले तेल जागच्या जागी जळून त्याची काजळी होते आणि ती पुढे दांड्याला तेलच मिळू देत नाही.

या प्रश्नाची एक बाजू मला परदेशात आल्यावरच कळली. जर्मनीत गाड्यांमध्ये बदल करणे हा निषिद्ध प्रकार आहे, असे मी आधी समजत होतो. प्रत्यक्षात येथे लोक फार मोठ्या प्रमाणावर गाड्या सुधारून घेतात आणि बाहेरून वाढवलेल्या टर्बोच्या गाड्याही ऑटोबानवर भरधाव धावतात. परंतु धूर किंवा आवाज वाढवणारा अथवा धोका निर्माण करू शकणारा बदल केला, की गाडीची चालवण्याची परवानगीच संपते. मान्यताप्राप्त तपासणीसाकडे गाडी न्यावी लागते. टर्बोचा बदल असेल तर तो ब्रेक, धूर, आवाज आणि सुट्या भागांचे प्रमाणपत्र पाहतो आणि मगच बदलाची नोंद होते. त्या कागदावर एका माणसाची सही असते. नवी गाडी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावी लागते, त्यामुळे नोंद नसलेला बदल फार काळ लपत नाही.

आपल्याकडे कायदा अधिक कठोर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षे ती कोणी उघडून पाहत नाही. मधल्या काळात फक्त पीयूसी होते, आणि त्या तपासणीत गाडी जागेवर उभी असते. चढावर, भर उन्हात, पूर्ण दाबाखाली इंजिन काय सोसते, ते त्यातून कळत नाही. कायद्याने बंद असलेले काम असे प्रत्यक्षात सर्रास चालते आणि त्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही, ही अवस्था मला सर्वांत वाईट वाटते. नागपूरला शिकत असताना माझ्या एका मित्राने गाडीचा दाब बाहेरून वाढवून घेतला होता. वर्ध्याच्या रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी तिचा पिस्टन गेला. काम करणाऱ्याने पेट्रोलला दोष दिला, विमा कंपनीने त्या बदलाला दिला आणि पैसे मित्राच्या वडिलांनी भरले.

यावर उपाय परदेशातून आणण्याची गरज नाही. आपल्याकडे सीएनजी किटची व्यवस्था आहेच. किटला मान्यता घ्यावी लागते, ते अधिकृत केंद्रात बसवावे लागते आणि आरटीओ नोंदणी पुस्तकात इंधनाचा बदल नोंदवतो. विदर्भातल्या लहान गावांतही हे लोकांच्या परिचयाचे आहे. टर्बोसारख्या बदलालाही हीच वाट मिळाली, तर आपल्या मेस्तरींची कला उजळ माथ्याने चालेल. त्या कलेविषयी मला मनापासून आदर आहे. मी पहिले इंजिन उघडलेले पाहिले ते मानोऱ्याच्या एका मेस्तरीकडेच. ती वाट मिळेपर्यंत मात्र माझ्या भाच्याच्या गाडीत, माझी बहीण मागच्या सीटवर बसलेली असताना, बिनसहीचा टर्बो मला चालणार नाही.

म्हणून मी त्याला सांगितले की स्विफ्ट आहे तशीच गावासाठी ठेव आणि नागपूरच्या फेऱ्या अशाच वाढणार असतील तरच कंपनीच्या टर्बोची गाडी घे. शोरूमची चक्कर सकाळी मारू नकोस. दुपारी दोन वाजता पाच माणसे बसवून आणि एसी लावून तिला महामार्गावर ने, आणि परत आल्यावर दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून मगच बंद कर. तेलाची तारीख मी माझ्या फोनमध्ये लिहून ठेवीन आणि तुला आठवण करीन. त्यावर तो म्हणाला, ‘सोयाबीनचे उधारीचे पैसे वसूल होऊ द्या, मामाजी, मग जातो शोरूमले.’