वाळेपर्यंत हात लावू नये

घरबसल्या हाताने छोटी छोटी पुस्तकं बांधणं, कोलाज चिकटवणं आणि जलरंगात काहीबाही रंगवणं, याने मन शांत होतं असं जो तो सांगतो. सांगणाऱ्यांच्या घरी एक मोकळी खोली असणार, आणि तासभर पंखा बंद ठेवला तरी कोणी ओरडत नसणार. कारण या तिन्ही छंदांत खरं काम एकच आहे, कागद ओला करायचा आणि तो वाळायची वाट बघायची. बाकी कला वगैरे जे काय म्हणतात ते मधल्या वेळात उरकून घ्यायचं.

हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी विणकाम घेतलं असतं. विणकामात काही वाळावं लागत नाही.

सध्या आमच्या घरात सपाट म्हणून जी जी जागा आहे तिच्यावर काहीतरी पसरलेलं आहे. फ्रिजवर पुठ्ठे, टेबलावर कोलाज, वॉशिंग मशीनच्या झाकणावर आभाळ (मशीन लावलं की आभाळ थरथरतं आणि ढग एका कोपऱ्यात गोळा होतात, ते दिसायला बरे दिसतात म्हणून मी काही बोलत नाही). मुलगा आता कुठलीही वस्तू उचलायच्या आधी विचारतो, "आई, हे ओलं आहे का नुसतंच तुझं आहे?" नवऱ्याने विचारणं सोडलंय. तो जेवायला ताट हातात घेऊनच बसतो.

आता कागदाबद्दल. कागद हा प्राणी वरून गरीब दिसतो, पण त्याच्या आत तंतू असतात आणि कारखान्यात कागद तयार होताना ते बहुतेक एकाच दिशेने झोपतात, त्याला ग्रेन म्हणतात. ओला झाला की प्रत्येक तंतू जाडीत फुगतो, लांबीत जवळपास नाही, त्यामुळे अख्खा कागद एकाच बाजूने वाढतो. कुठली बाजू ते बघायला कागद न मोडता अलगद वाकवायचा, आधी उभा मग आडवा, ज्या बाजूने मुकाट वाकतो ती ग्रेनची. नाहीतर फाडून बघायचा, ग्रेनच्या दिशेने सरळ फाटतो आणि उलट दिशेने फाडला तर मनाला येईल तिकडे जातो. पुस्तकात ग्रेन नेहमी पाठीला, म्हणजे शिवणीला, समांतर पाहिजे. नसला तर पानं उघडायला कुरकुरतात, घडीवर तडकतात, आणि पुस्तक बंद करून ठेवलं की आपोआप तोंड उघडतं. हे सगळं वाचायला सोपं आहे, फक्त तुम्हाला जो सुंदर कागद मनापासून आवडलेला असतो ना, त्याचा ग्रेन नेमका उलटा असतो आणि फिरवून कापावा तर कागद बरोब्बर दोन बोटं कमी पडतो. हा निसर्गनियम आहे.

पुठ्ठ्याचं प्रकरण त्याहून वरचं. कव्हरचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर छानसा कागद गोंदाने चिकटवायचा. ओला कागद फुगून मोठा झालेला असतो, तसाच चिकटतो, आणि मग वाळताना आपल्या मूळ मापाला परत यायला बघतो. पण आता तो पुठ्ठ्याला धरून बसलाय, मग तो पुठ्ठ्यालाच ओढतो. सकाळी उठून बघावं तर पुठ्ठ्याची होडी झालेली. यावर उपाय आहे, आतल्या बाजूनेही कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढाताण होते आणि पुठ्ठा बिचारा मधे सरळ उभा राहतो. पुस्तकाच्या कव्हरच्या आत जे गुळगुळीत कागद लावलेले असतात ते नुसते शोभेचे नसतात, पुठ्ठ्याला ताळ्यावर ठेवायला असतात, हे कळल्यापासून मी दुसऱ्यांच्या घरी गेले की आधी त्यांची पुस्तकं उघडून आतली बाजू बघते. लोकांना वाटतं मी वाचनवेडी आहे.

आणि दोन्हीकडून चिकटवलं म्हणजे सुटलात असं नाही, वजनाखाली ठेवावं लागतं, रात्रभर तरी, जास्त ठेवलं तर उत्तमच. वर-खाली मेणकागद लावायचा, नाहीतर वजनच कव्हरला चिकटतं. आमच्याकडचे जाडजूड शब्दकोश, कायद्याची दोन पुस्तकं आणि मुलाचा विज्ञानाचा संच हे सगळे सध्या या कामावर आहेत. परवा कोणाला तरी एका शब्दाचा अर्थ हवा होता, म्हटलं उद्या दुपारी सांगते.

जलरंगात तर वाट बघण्याच्या पायऱ्या आहेत. ओलं, चमकणारं, चमक गेलेलं, थंडगार, आणि वाळलेलं. यातली तिसरी पायरी घातक. कागदावर पाणी चमकतंय तोवर रंग टाकला तर तो मस्त पसरतो, पूर्ण वाळल्यावर टाकला तर जिथे टाकाल तिथे बसतो, पण चमक नुकतीच गेलीये आणि आत अजून ओल आहे अशा वेळी तुम्ही पाण्याने भरलेला ब्रश टेकवलात की संपलं, ते नवं पाणी आधीच्या रंगाचे कण ढकलत ढकलत कडेला नेऊन ठेवतं आणि वाळल्यावर आभाळाच्या मधोमध एक झालरवाला डाग उमटतो. त्याला ब्लूम म्हणतात. नाव मुद्दाम असं गोड ठेवलेलं असणार, म्हणजे रडू येणार नाही. ब्लूम पुसायला गेलात तर त्याच्या शेजारी दुसरा येतो.

पूर्ण वाळलं का ते नजरेला कळत नाही. बोट लावायचं नाही, बोटाचा ठसा राहतो. हाताची मागची बाजू कागदाला अगदी अलगद टेकवायची, गार लागलं तर अजून पाणी उडतंय, थांबा. मी अशी वॉशिंग मशीनवर वाकून कागदाला उलटा हात लावून डोळे मिटून उभी असताना आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी दबक्या आवाजात विचारलं होतं, "ताप आहे का?"

आणि एवढं थांबून वाळल्यावर होतं काय, तर रंग फिका पडतो. जलरंग ओला असताना जेवढा दिसतो त्याहून वाळल्यावर नेहमी फिकाच. ओला असतानाचा तो गडद निळा बघून तुम्ही घरच्यांना हाका मारता, घरचे आपापलं काम टाकून येईपर्यंत तो उतरतो, आणि ते "हं, छान" म्हणून जातात. मी आता ओलं असतानाच फोटो काढून ठेवते, पुरावा म्हणून.

जाड कागद वापरा म्हणजे लाटा येत नाहीत असं म्हणतात. 300 जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, कागद थोडंफार सहन करतो हे खरंय, पण भरपूर पाणी ओतलंत तर तोही उठतो. मग जुना उपाय, कागद आधी पूर्ण भिजवायचा, फळीवर पसरायचा, चारही कडा ओल्या गोंदपट्टीने चिकटवायच्या आणि, बरोबर ओळखलंत, वाळू द्यायचा. वाळताना तो ताणला जाऊन ढोलासारखा घट्ट होतो. म्हणजे रंगवून वाळायची वाट बघायला लागू नये म्हणून रंगवायच्या आधीच वाळायची वाट बघायची. आणि रंगवल्यावर बघायची ती वेगळी.

घाई असणाऱ्यांसाठी हेअर ड्रायर आहे. मी घाई असणाऱ्यांतली आहे. ड्रायरबद्दल एवढंच सांगते की तो पाणी वाळवायच्या आधी ढकलतो, आभाळातलं पाणी डोंगरात जातं आणि डोंगर खाली नदीत उतरतो. पांढऱ्या जागा राखायला मास्किंग फ्लुइड लावलं असेल तर ड्रायर लांबच ठेवायचा, ते रबरी द्रव गरम झालं की कागदाला असं धरून बसतं की सोलताना वर कागदाचा पापुद्रा घेऊन निघतं. आणि कोलाजमध्ये दुकानातल्या बिलाचा तुकडा लावला असेल, तो मशीनमधून छापून येतो ना गुळगुळीत, तर अजिबातच नाही. तो कागद उष्णतेवरच छापला जातो. माझ्या कोलाजमधल्या बिलावर ड्रायर फिरला तेव्हा ते माझ्या डोळ्यांदेखत काळं पडलं, सगळी खरेदी, तारीख, टॅक्स, सगळं काळोखात गेलं. बघणाऱ्यांपैकी एकाला तो भाग सगळ्यात जास्त आवडला. काय खोल विचार आहे म्हणाला. मी मान डोलावली.

कोलाजवाल्यांची आणखी एक अडचण म्हणजे साहित्य. घरच्यांच्या भाषेत कचरा. बँकेची पाकिटं फाडून आतली बाजू बघा एकदा, आतलं पत्र बाहेरून वाचता येऊ नये म्हणून निळ्या बारीक नक्षीने भरलेली असते, कुठे जाळी, कुठे लाटा, कुठे नुसतेच आडवेतिडवे तिरपे फराटे, आणि प्रत्येक ठिकाणची नक्षी वेगळी. मी ती डबाभर जमवलीयेत. आत काय पत्र होतं ते मात्र विचारू नका, ते बहुतेक महत्त्वाचं होतं. यावरून बोलणं झालं की मी कुर्ट श्विटर्सचं नाव घेते. या जर्मन चित्रकाराने ट्रामची तिकिटं, वेष्टनं, रस्त्यावरचे तुकडे चिकटवून चित्रं केली आणि ती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. नवऱ्याने कुठेतरी पुढचं वाचलं. हानोफरच्या घरात याच माणसाने भिंतीला काय काय जोडत जोडत खोल्याच्या खोल्या भरून टाकल्या होत्या, आणि 1943 च्या बॉम्बहल्ल्यात ते सगळं गेलं. "म्हणजे आवरायला बॉम्बच लागला," एवढंच म्हणून तो गेला. तेव्हापासून मी श्विटर्सचं नाव जपून घेते.

त्याऐवजी मेरी डिलेनी काढते. या इंग्लिश बाईंनी वयाच्या 72 च्या सुमारास रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं चिकटवायला सुरुवात केली, एकेका फुलात कधीकधी शेकडो तुकडे, आणि 1782 मध्ये नजर साथ देईना म्हणून थांबल्या तोवर अशी 985 चित्रं केली. ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लोक ऐकून म्हणतात केवढी चिकाटी, केवढी नजर. माझ्या डोक्यात भलताच प्रश्न येतो, एवढी सगळी वाळत कुठे घालत होत्या?

या बाबतीत खरी हुशार इंग्रजी साहित्यातली प्रसिद्ध ब्राँटे भावंडं. लहानपणी त्यांनी हाताने इवली इवली पुस्तकं केली, टाकाऊ कागद कापून, शिवून, त्यात मुंगीच्या अक्षरात लिहून. 1830 सालची एक मासिकवजा पुस्तिका आहे त्यांच्यातल्या शार्लटची, आकार जेमतेम 35 बाय 61 मिलिमीटर, आणि आत 4000 च्या वर शब्द. लाकडी खेळण्यातल्या सैनिकांना वाचता यावीत म्हणून एवढी लहान केली होती म्हणे. असेल. पण अख्खी मासिकाची फाइल खिडकीच्या कट्ट्यावर एका कोपऱ्यात वाळू शकते आणि घरात कोणी काही बोलत नाही, हा फायदा त्या पोरांना कळला नसेल असं मला वाटत नाही.

म्हणून मीही लहान पुस्तकांवर आले. शिवणीचं पुस्तक करायला मला खरंच आवडतं, कारण त्यात गोंद नाही. चार-पाच कागद एकात एक घालून मधोमध घडी घालायची, घडीवरून बोन फोल्डर (घडी पक्की करायची हाडाची गुळगुळीत पट्टी) दाबून फिरवायचा, दाभणाने घडीवर तीन भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा मधल्या भोकातून आत घ्यायचा, वर, खाली, परत मधे, आणि गाठ. गाठ मारताना दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना पाहिजेत, म्हणजे टाका गाठीत पकडला जातो. दोरा ओढायचा तो घडीच्या दिशेने, आडवा ओढला की भोक फाटतं. आतली पानं बाहेरच्यांपेक्षा किंचित पुढे येतात, ती शेवटी पट्टी धरून कटरने एका रेषेत छाटायची. मेणाच्या दोऱ्याचा तो करकर आवाज आणि गाठ बसल्याचं बोटाला कळतं तो क्षण, यात मन शांत होतं हे मी लिहून द्यायला तयार आहे. वेळ लागतो तो सुई शोधायला.

त्याहून सोपं म्हणजे एका कागदाचं आठ पानी पुस्तक. कागदाला घड्या घालून आठ चौकोन करायचे, मधल्या दोन जोड्यांमधून एकच काप द्यायचा, दोन्ही टोकं धरून आत ढकलायचं की कागद आपोआप पुस्तक होतो. शिवण नाही, गोंद नाही, वजन नाही, वाळवणं नाही. मी एक करून टेबलावर ठेवलं. घरातलं पहिलं कोरडं काम. मुलाने विचारलं, "हात लावू?" म्हटलं लाव की. त्याने उघडून मिटून बघितलं, म्हणाला मस्त आहे, पण कोरंच आहे ना.

पोराचं काही चूक नव्हतं. म्हटलं एक अगदी हलका वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, मारू, नुसता नावापुरता. प्रिंटरचा साधा 80 जीएसएमचा कागद होता. पाणी टेकल्या टेकल्या आठही पानांनी आठ दिशांना माना वळवल्या.

आता ते कोरडं करून दाबायला पाहिजे आणि शब्दकोश सगळे कामावर आहेत. घरात एकच जाड पुस्तक मोकळं आहे, म्हणजे तसं मोकळं नाहीये, नवरा वाचतोय. शेवटची 10 पानं राहिलीयेत म्हणाला, थांब. मी मेणकागद हातात घेऊन शेजारी बसलेय. तो मुद्दाम हळू वाचतोय असा मला संशय आहे.