‘गादीला काय रोज अंगाई म्हणायची?’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

ताई, नमस्कार.

बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात सांगतो. दीड वर्षापूर्वी, जुलैत, आमच्या चिपळूणच्या दुकानातून तुम्ही साडेसहा बाय पाचची कॉयरची, म्हणजे नारळाच्या काथ्याची, गादी घेतलीत, वर एक इंच फोम असलेली. आता तिला एका बाजूला खड्डा पडलाय, खालून काळे डाग आलेत आणि खोलीत कुबट वास येतो. घेताना आम्ही ‘दहा वर्षं बघायला नको’ म्हणालो होतो. तक्रार घेऊन आलात तर काउंटरवरच्या मुलानं तुम्हालाच विचारलं, ‘गादी उलटीपालटी करत होतात का?’ त्यावर तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत, ‘गादीला काय रोज अंगाई म्हणायची? माझ्या आईची कापसाची गादी वीस वर्षं चालली, तिला कोणी असले प्रश्न विचारले नव्हते.’

अंगाईचं वाचून मी हसलो, खोटं कशाला सांगू. मग दोन दिवसांनी तुमच्याकडे येऊन गादी बघून गेलो. जे दिसलं ते इथे लिहायला तुमची हरकत नाही म्हणालात, म्हणून लिहितोय.

चादर काढली तर खाली प्लॅस्टिक. दुकानातून गादी निघाली त्या दिवशीचंच, कडेला आमची खाकी चिकटपट्टीसुद्धा तशीच. वरच्या बाजूला फाटून चिंध्या झालेल्या, पण खाली आणि चारी कडांना शाबूत. मी त्याच्या आत हात घातला. वरून कोरडी लागणारी गादी खालून गार आणि ओलसर होती, पावसाळ्यात दारातल्या पायपुसण्याला हात लावल्यावर लागते तशी.

‘मळू नये म्हणून ठेवलं, आणि तुमच्याच माणसानं ठेवा म्हणून सांगितलं,’ असं तुम्ही म्हणालात. मी पोचवणाऱ्या मुलाला विचारलं. तो नाही म्हणाला नाही. भर पाऊस, टेम्पोवर ताडपत्री, अजून तीन घरं बाकी; गादी टाकली आणि ‘राहू दे काकी, खराब होणार नाही’ म्हणून निघाला. त्याला वाटलं चांगलंच सांगतोय. प्लॅस्टिक फक्त रस्त्यापुरतं असतं, घरात गेल्यावर पहिलं ते काढायचं, हे त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं. हा दोष त्याचा नाही, दुकानाचा आहे.

आता त्या प्लॅस्टिकनं काय केलं ते. झोपेत माणसाच्या श्वासातून आणि कातडीतून रात्रभर पाणी बाहेर पडत असतं, घाम दिसला नाही तरी. त्यातलं बरंचसं चादरीतून गादीत उतरतं. गादी उघडी असेल तर दिवसभरात ते उडून जातं. तुमच्या गादीत ते वरच्या फाटक्या भागातून आत गेलं आणि खाली प्लॅस्टिकवर अडलं. त्यात आपलं कोकण. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथे गादीची काय कथा.

दुसरी गोष्ट तुमचा पलंग. बॉक्सचा, हायड्रॉलिक, आत गोधड्या आणि पाहुण्यांच्या उशा ठासून भरलेल्या. वरच्या प्लायवूडला दोन्ही बाजूंनी सनमायका. दिसायला सुरेख, पण गादीला खालून श्वास घ्यायला एक भोक नाही. आमच्या आजोळी दोरीची बाज होती, खालून वारा मोकळा. हल्ली खाट जाऊन पेटी आली आणि आम्ही दुकानदार गादी विकताना पलंग कुठला हे विचारत नाही. विचारायला हवं. त्या दिवसापासून मी बिलावरच तो प्रश्न टाकलाय.

मी ओल्या गादीला घाबरत नाही, त्याचं कारण २०२१. बावीस जुलैला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या दुकानातला खालचा सगळा माल गेला, आणि पुढचे पंधरा दिवस गल्लोगल्ली गाद्यांचे ढीग पडले होते. त्या वेळी किती गाद्या फाडून आत बघितल्या याची मोजदाद नाही. चिखलाचं पाणी प्यालेला कापूस आणि फोम टाकूनच द्यावा लागला. पण काथ्या वेगळा. त्याच्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखरपणा देणारा पदार्थ, भरपूर, त्यामुळे तो सहजी कुजत नाही. होड्यांचे दोर त्याचे करतात ते उगीच नाही. म्हणून तुमच्याकडे मी कडेच्या पट्टीची वीतभर शिवण उसवून आत बघितलं. काथ्या तांबूस, कोरडा, सुट्टा. बुरशी खालच्या कापडापुरतीच होती. गादी वाचते.

खड्ड्याचं कारण मात्र निराळं आहे. तो मधोमध नाही, खिडकीकडच्या कडेला आहे, बसायच्या जागी. तुमच्यासमोरच मी आडवी दोरी ताणून पट्टीनं मोजलं, सव्वा इंच भरलं. तुमचे चिरंजीव तिथे पाय खाली सोडून लॅपटॉप घेऊन बसतात, घरून काम चालतं, असं तुम्हीच सांगितलंत. झोपलेल्या माणसाचं वजन गादीभर पसरतं. बसलेल्याचं सगळं हातभर जागेत. कॉयरच्या गादीत काथ्या कुरळा करून त्यावर रबराचा चीक फवारतात, मग तापवून दाबून त्याची लादी करतात. धागा धाग्याला जिथे चिकटतो तिथे त्या रबरामुळे उसळी असते. एकाच जागी रोज आठ-आठ तास वजन आलं की ते सांधे तुटतात, आणि तुटलेला सांधा पुन्हा जुळत नाही. वरचा फोमही ओल आणि ऊब मिळाली की लवकर बसतो. त्यांना एक खुर्ची घेऊन द्या. खुर्ची मी विकत नाही, तेव्हा यात माझा काही स्वार्थ नाही.

आता आमच्या काउंटरवरचा तो प्रश्न. तुम्ही चिडलात ते बरोबरच, कारण प्रश्नच चुकीचा होता. तुमच्या गादीला फोम एकाच बाजूला आहे. ती उलटायची नसते, फिरवायची असते: डोक्याकडची बाजू पायाकडे. पहिले सहा महिने दर महिन्याला, मग तीन महिन्यांतून एकदा. दोघांनी दोन टोकं धरली की दोन मिनिटांचं काम. एकट्यानं करू नका, कंबर धरते आणि गादी मधे मोडते. दोन्ही बाजूंना सारखी असेल तीच गादी उलटायची. हे आमच्या मुलालाच माहीत नव्हतं आणि तो गिऱ्हाइकाची तपासणी घेत होता. त्याबद्दल माफ करा.

पण आईंच्या गादीवरून तुम्ही जो टोमणा मारलात, तिथे थोडं भांडतो.

माझे वडील पंचेचाळीस वर्षं कापसाच्या गाद्या भरत होते, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे. ती गादी वीस वर्षं चालली हे खरं असणार. पण त्या वीस वर्षांत ती निदान पाच-सहा वेळा उसवली गेली असणार. पिंजारी दारात यायचा, नाहीतर गादी डोक्यावरून दुकानात यायची. खोळ धुवायची, गठ्ठे झालेला कापूस पिंजून मोकळा करायचा, किलो-दोन किलो नवा घालायचा, पुन्हा टाके मारायचे. सिंगल गादीत दहा-बारा किलो कापूस. वीस वर्षांनी त्यातला मूळचा किती उरला असेल ते तुम्हीच बघा. आणि दरवर्षी एप्रिल-मेमध्ये अंगणात एकीकडे सांडगे-पापड वाळायचे, दुसरीकडे गाद्या, काठीनं झोडपून, दुपारी कूस बदलून. गादीची निगा म्हणून कोणी ते करत नव्हतं. पावसाळ्याची बेगमी म्हणून होऊन जायचं. ताई, तिला रोज नसेल, पण वर्षातून एकदा अंगाई होतीच.

कॉयर आणि फोम आले तेव्हा आम्हीच सांगत सुटलो, ‘याला काही करावं लागत नाही.’ पिंजायला लागत नाही एवढाच त्याचा अर्थ होता. ‘दहा वर्षं बघायला नको’ हे वाक्य त्यातलंच. ते माझंच होतं, मुलाचं नव्हतं, आणि ते मी आता वापरत नाही. फिरवली, वारा दिला, पलंग बरोबर असला तर तुमच्या प्रकारची गादी सात-आठ वर्षं चांगली जाते, असा माझा अनुभव आहे. त्याच्या पुढची वर्षं जीभ लांब असल्यामुळे जोडली जातात.

एक जपायचं. कापसाची सवय म्हणून ही गादी गच्चीवर कडक उन्हात टाकू नका. कापसाला ऊन मानवतं, कारण तो हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतो आणि उन्हात ती सोडून फुलतो. फोम उन्हानं पिवळा पडतो, पुढे बोटाला भुगा येतो, रबराचं तेच. तिला सावली आणि वारा. भिंतीला उभी टेकवून पंखा लावा, दिवसभर पुरे. पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या पलंग आवरायची घाई नको. चादर काढून तासभर पंख्याखाली गादी उघडी राहू दे. सासूबाई पसारा म्हणाल्या तर माझं नाव सांगा.

लहान मुलानं ओलं केलं तर कोरड्या फडक्यानं दाबून टिपा, चोळू नका, वर खाण्याचा सोडा टाका, काही तासांनी झटका. वरून तांब्यानं पाणी ओतून ‘धुतलेल्या’ गाद्या माझ्याकडे येतात, त्यांचं मला काही करता येत नाही. प्लॅस्टिकऐवजी सुती खोळ घाला, चेनवाली, महिन्यातून एकदा धुवायची. ढेकणांसाठी रॉकेल तर अजिबात नको. वास वर्षभर जात नाही आणि ढेकूण तरीही पलंगाच्या फटीत मजेत असतात.

आता तुमच्या गादीचं. कंपनीच्या कार्डाप्रमाणे खड्डा वॉरंटीत बसतो, पण डाग पडलेली गादी ते घेत नाहीत, असं त्यांच्या माणसानं फोनवर सांगितलं. डाग प्लॅस्टिकमुळे, प्लॅस्टिक आमच्यामुळे, तेव्हा त्यांच्याशी वाद घालत बसण्यात तुमचा वेळ घालवत नाही. गादी मी आणून उघडतो. खालचं कापड आणि पूर्ण खोळ नवी. खिडकीकडची काथ्याची लादी हातभर कापून नवी बसवतो. वरचा फोम २८ डेन्सिटीचा होता, तो काढून ४० चा घालतो. (डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, एक घनमीटर फोमचं वजन किती किलो ते. मऊ फोमही ४० चा असतो. हे रोज चार जणांना सांगतो, म्हणून इथेही सांगून टाकलं.) याचे पैसे घेणार नाही. तुमच्याकडचं काम एकच: सुतार बोलावून पलंगाच्या प्लायवूडला एक इंचाची भोकं पाडून घ्या, वीतभर अंतरानं, आडव्या-उभ्या रांगेत. आतल्या गोधड्यांचा ढीगही थोडा उतरवा, नाहीतर भोकं पाडून उपयोग नाही.

काम चार दिवसांचं आहे. तोवर बदली म्हणून एक कापसाची गादी पाठवतोय, मागच्या आठवड्यात पिंजून भरलेली. आवडली तर सांगा, पण तिला मे महिन्यात ऊन दाखवायला लागेल.

टेम्पो गुरुवारी सकाळी दहाला येईल. तोच मुलगा येतोय, मुद्दाम त्यालाच पाठवतोय. चार दिवसांनी तुमची गादी परत येईल तेव्हा प्लॅस्टिक तो स्वतः काढेल आणि घडी घालून दुकानात परत आणेल. चुकून विसरला तर काकी म्हणून हाक मारायच्या आत त्याला थांबवा.