आरएक्सला अठ्ठावीसचा कार्बोरेटर अन् बारीक जेट: हा मेसेज पुढं ढकलू नका

परवा रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी पकडली. किक खालीच जाईना." पकडली म्हणजे पिस्टन सिलिंडरात अडकून इंजिन जाम झालं. चाकूरहून अहमदपूरला येताना चौथ्या गिअरमध्ये मागचं चाक एकाएकी अडकलं आणि गाडी आडवी घसरत गेली. वेळेवर क्लच दाबायचं सुचलं म्हणून पोरगं धडधाकट घरी आलं. गाडी त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या दाजींची. १९९३ साली घेतलेली यामाहाची टू स्ट्रोक आरएक्स १००. दाजी गेल्यापासून अक्कानं ती कुणाला विकू दिली नाही.

काय बदललंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मोठा कार्बोरेटर बसवलो. सगळेच बसवूलालेत की." आणि त्यानं मला तो मेसेज पाठवला. लातूर, उदगीर, नांदेडच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपांवर महिनाभर फिरतोय म्हणे. त्याचा सारांश असा: आरएक्सचा २० मिलिमीटर भोकाचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) काढून २८चा बसवा, पिकअप दुप्पट होतो. कोणत्याही कंपनीचा चालतो, तोंड बसलं म्हणजे झालं. एअर फिल्टर काढून टाका. टू टी ऑइल (पेट्रोलसोबत जळणारं इंजिनचं ऑइल) कमी करा, धूर जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आताचं इथेनॉलचं पेट्रोल पातळ असतं, जास्त वाहतं, म्हणून मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा, दोन नंबर बारीक टाका, अ‍ॅव्हरेज वाढतं.

हा शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण माझ्या मते गाडी त्यानंच पकडली.

इथेनॉल पेट्रोलपेक्षा पातळ नाही. उलट ते थोडं जड आणि जास्त दाट असतं. पण खरा घोटाळा त्याहून मोठा आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो, त्यामुळे जळायला त्याला बाहेरची हवा कमी लागते. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते. पंपावरच्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढीच हवा आत आली, तर तिच्या जोडीला इंधन जास्त हवं. साध्या पेट्रोलवर बेतलेला जेट जसाच्या तसा ठेवला तरी मिश्रण साधारण सात-आठ टक्के लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. त्यावर तुम्ही जेट आणखी बारीक करायला सांगता? नव्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक ओळखतो आणि इंधन वाढवतो. आरएक्समध्ये जेटचं भोक जेवढं, तेवढंच पेट्रोल. तिला सांगणारं कुणी नाही.

टू स्ट्रोकला लीन मिश्रण चालत नाही. आत येणारं पेट्रोलच पिस्टनला थंड ठेवतं आणि ऑइल खालपासून वरपर्यंत नेतं. ते कमी पडलं की पिस्टनचा माथा तापतो. अ‍ॅल्युमिनियम तापलं की सिलिंडरच्या लोखंडी स्लीव्हपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, मधली फट संपते आणि पिस्टन बोअरला धरतो. हे गावातल्या गावात फिरताना होत नाही. लांबच्या सरळ रस्त्यावर, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळलेला असताना होतं, म्हणजे नेमकं वेग सगळ्यात जास्त असताना. भाच्याच्या गाडीचा प्लग काढून बघितला तर चुन्यासारखा पांढरा. नीट चालणाऱ्या गाडीचा प्लग चहाच्या रंगाचा असतो. आणि मेसेज लिहिणारा म्हणतो, अ‍ॅव्हरेज वाढतं!

अ‍ॅव्हरेजबद्दल नीती आयोगाचा २०२१चा इथेनॉल मिश्रणाचा आराखडा सरळ सांगतो: ज्या दुचाकी साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या आहेत, त्यांचं अ‍ॅव्हरेज ई२०वर ३ ते ४ टक्के कमी होईल. हे सरकारचंच कागदपत्र आहे, आणि त्यात घट मान्य केलेली आहे. आपल्याकडं उसाच्या जोरावर इथेनॉलचं कौतुक आहे, शेतकऱ्याला त्याचा पैसा मिळत असेल तर मलाही ते हवंच आहे. पण गेलेलं अ‍ॅव्हरेज जेट बारीक करून परत येत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते. पेट्रोल बदललं म्हणून जुन्या गाडीचा जेट बघावा लागतो, हे खरं. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा बेचाळीसला गेला की हवा विरळ होते आणि मिश्रण जरा रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं, हेही खरं. काही जुने मिस्त्री उन्हाळ्यात कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर चढवायचे, म्हणजे सुई खाली बसून पेट्रोल कमी व्हायचं, ते त्यामुळंच. पण ते साध्या पेट्रोलच्या काळात. आज इथेनॉलचा फरक उन्हाच्या फरकापेक्षा मोठा आहे. जेट एक नंबर मोठा घ्या, नाहीतर क्लिप एक खाच खाली घ्या म्हणजे सुई वर उचलली जाते, आणि मग प्लगचा रंग बघा.

आता २८चा कार्बोरेटर. २०च्या जागी २८ म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट. इंजिन तेच, ९८ सीसीचं, ते ओढणार तेवढीच हवा. ती दुप्पट जागेतून गेली की वेग निम्मा, आणि जेटमधून पेट्रोल वर खेचणारा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे कमी होतो, म्हणजे पाव उरतो. म्हणून कमी आरपीएमला एकदम पिळलं की गाडी गचके खाते. रेसच्या गाडीत पोर्ट (सिलिंडरातली हवा-धुराची दारं) कापून मोठे केलेले असतात, सायलेन्सर वेगळा असतो, तिथं मोठा कार्बोरेटर शोभतो. कंपनीच्या इंजिनात पोर्ट आणि सायलेन्सरच हवा अडवतात, कार्बोरेटर नाही. कंपनीनं ११ अश्वशक्ती याच २०च्या कार्बोरेटरवर काढली होती.

"कोणताही चालतो" यावर फार लिहीत नाही. रबराच्या जोडात बारीक फट राहिली की तिथून हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पुन्हा लीन. डब्यावर नाव छापलं म्हणून माल खरा होत नाही. नव्या कार्बोरेटरमधला जेट, सुई आणि स्लाइड (अ‍ॅक्सिलेटरनं वर-खाली होणारा तुकडा) जुन्याशी ताडून बघा, स्लाइड बोटानं हलवून बघा, अडकत असेल तर दुकानातच परत द्या.

फिल्टर काढायचा? आपल्या काळ्या मातीचा चैत्र-वैशाखातला फुफाटा ज्यानं बघितलाय, तो हे लिहूच शकत नाही. ऑइल कमी करायचं? नाही. धूर जास्त वाटला तर ऑइल पंपाची खूण जुळवून घ्या.

तीस वर्षांच्या गाडीचा कार्बोरेटर खरंच संपतो. स्लाइड झिजते, सुईचं भोक लांबट होतं, इथेनॉलनं फ्लोटच्या सुईचं जुनं रबर फुगून पेट्रोल सुटतं. तेव्हा बदलायचाच, पण त्याच मापाचा. बॉडी शाबूत असेल तर आधी सुई, नीडल जेट आणि पॅकिंगचा संच टाकून बघा, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं.

ब्लॉक सध्या लेथवाल्याकडं आहे. बोअर करून पहिल्या ओव्हरसाइजचं, म्हणजे एक माप मोठं पिस्टन टाकायचं ठरलंय. जुना २०चा कार्बोरेटर अक्कानं कपाटात ठेवला होता. काल मी तो उघडला. बॉडी चांगली आहे. सुई आणि एक नंबर मोठा जेट आणायला सोमवारी लातूरच्या दुकानात जाईन, भाच्याला सोबत घेऊन.