कोल्डप्ले बंद पडतोय का?

‘कोल्डप्लेचा शेवट ठरला’ हा या ब्रिटिश रॉक बँडबद्दलचा मेसेज पुन्हा फिरतोय. ठरलंय ते अल्बमबद्दल. डिसेंबर २०२१ मध्ये बँडचा गायक ख्रिस मार्टिन बीबीसी रेडिओवर म्हणाला होता, की शेवटचा नेहमीचा अल्बम २०२५ मध्ये येईल, मग बहुधा फक्त दौरे. तो बेत नंतर लांबला. ऑक्टोबर २०२४ चा ‘मून म्युझिक’ हा दहावा अल्बम, आणि असे एकूण बाराच करायचे, असं त्याने त्याच वर्षी सांगितलं. म्हणजे गाणं सोडणार असं नाही!

त्याच मेसेजात जानेवारी २०२५ चे नवी मुंबईतले कार्यक्रम ‘भारतातले पहिलेच’ म्हटलेत. तेही चूक. नोव्हेंबर २०१६ मध्ये हा बँड मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ग्लोबल सिटिझन महोत्सवात वाजवून गेला होता.